तंजावरचा पादरी

तंजावरच्या किल्ल्यात माणसे उपाशी मरत होती आणि किल्ल्याबाहेर कावेरीच्या खोऱ्यात धान्य पडून होते. 1780 च्या पावसाळ्यात हैदर अलीची फौज घाट उतरून कर्नाटकात आली. सप्टेंबरात पोल्लिलूरला इंग्रज कंपनीच्या कर्नल बेलीच्या तुकडीचा तिने फडशा पाडला, आणि मग तिची घोडदौड दक्षिणेकडे वळली. गावे जळाली, कालवे फुटले, गुरे हाकलून नेली गेली. जीव वाचवायला लोक किल्ल्याच्या आसऱ्याला आले. शिबंदी वाढली, खाणारी तोंडे वाढली, आणि कोठारे मात्र रिकामी होत गेली.

धान्य आत आणायला बैल हवे होते. मुलखात बैल नव्हते असे नाही, पण रयतेने ते लपवून ठेवले होते. सरकारी कामाला बैल दिला की भाडे बुडते आणि बैलही परत येत नाही, हा अनुभव पिढीजात झाला होता. तुळजाजी राजांचे हुकूम सुटले, कंपनीच्या अधिकाऱ्यांचे सुटले, कोणी हलेना. तेव्हा राजांनीच मोकळेपणाने कबूल केले की आमची आणि तुमची, दोघांचीही पत गेली आहे, आता लोक पादऱ्यावर विश्वास ठेवतात का ते पाहू. व्यवहार ठरवण्याचा कोरा अधिकार ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या हाती आला. त्याने चारी दिशांना पत्रे पाठवली. प्रत्येक बैलाचे भाडे मी स्वतःच्या हाताने देईन, शत्रूने बैल नेला तर त्याची किंमतही भरीन, असे त्यांत लिहिले होते. एक-दोन दिवसांत हजारांवर बैल जमले. आपल्या हाताखालचे तमिळ उपदेशक त्याने जीव धोक्यात घालून गावोगाव धाडले, आणि थोड्याच अवधीत 80,000 कलम (तिकडचे धान्याचे माप) धान्य किल्ल्यात येऊन पडले. त्यानंतर श्वार्ट्झ हिशेबाला बसला. शेवटच्या माणसाचे पैसे चुकते झाले, वर थोडी बक्षिसीही मिळाली. पुन्हा टंचाई आली तेव्हा लोकांना बोलावण्याची फारशी वेळ आली नाही.

हा प्रसंग मी मुद्दाम आधी सांगितला. श्वार्ट्झवर जे लिहिले गेले त्यात प्रवचने आणि धर्मचर्चा फार आहेत. तो ज्या पंथातला, त्या हाले शहरातल्या भक्तिमार्गी ल्यूथरपंथीयांना तर मरणाच्या कथांची विशेष ओढ. हालेहून छापल्या जाणाऱ्या मिशनच्या वार्तापत्रांत अमक्या धर्मांतरिताने कसा शांत प्राण सोडला, तमकी विधवा अखेरच्या घटकेला काय बोलली, यांची वर्णने पानेच्या पाने भरतात, आणि तीनचार वाचली की सगळी एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटू लागतात. मरणाऱ्याच्या तोंडी योग्य वाक्य घालण्याचा मोह कोणत्या धर्माला सुटला आहे? बैलांच्या भाड्याच्या हिशेबात असे काही घुसवता येत नाही. 1781 ते 1783 या वर्षांत तंजावरच्या रस्त्यांवर माणसे चालता चालता कोसळत होती, सकाळी प्रेते उचलावी लागत होती. श्वार्ट्झने लढाई पेटण्याआधी, भात स्वस्त असतानाच, साठा करून ठेवला होता. त्यातून आणि गोऱ्या व्यापाऱ्यांकडून मागून आणलेल्या वर्गणीतून रोज पंगत उठत होती. त्याची श्रद्धा कशी होती हे पाहायचे तर मी आधी तिथे पाहीन.

ब्रांडेनबुर्गमधल्या झोनेनबुर्ग नावाच्या लहान गावात 1726 साली तो जन्मला. आई तो लहान असतानाच गेली. जाण्यापूर्वी तिने नवऱ्याला आणि गावच्या पाळकाला जवळ बोलावून हा मुलगा देवाच्या कामाला वाहिल्याचे सांगितले, आणि त्याला तसे वाढवण्याचे वचन घेतले. मरणाऱ्या माणसाने मागितलेले वचन ही गोष्ट या माणसाच्या आयुष्यात अशी आरंभापासून आहे. हालेला शिकत असताना तमिळ बायबलच्या छपाईचे काम चालले होते, त्यासाठी तो तमिळ शिकला आणि त्या भाषेच्या वाटेनेच 1750 साली तरंगंबाडीला उतरला. तरंगंबाडी डेन्मार्कची वखार. जमीन मात्र तंजावरच्या राज्याची, 1620 साली नायक राजांनी दिलेली. उतरल्यावर चार महिन्यांच्या आत त्याने तमिळमध्ये पहिले प्रवचन केले. पुढे तिरुचिरापल्लीला कंपनीच्या गोऱ्या पलटणीचा पाळक म्हणून त्याला पगार सुरू झाला, तोही बराचसा चर्च आणि शाळा बांधण्यात गेला. लग्न केले नाही. तमिळखेरीज पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्थानी आणि तंजावरच्या दरबारासाठी मराठी, एवढ्या भाषा जमवल्या.

मराठी कशासाठी, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला कदाचित सांगावे लागेल. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतले, तेव्हापासून 1855 पर्यंत ते भोसल्यांचे राज्य होते. रयत तमिळ, देवळे चोळांची, दरबारी संगीताची भाषा तेलुगू, आणि मोडीतले दप्तर मराठी. श्वार्ट्झ 1769 मध्ये तुळजाजींना पहिल्यांदा भेटला. राजे विद्वान, ऐषारामी, आणि कर्जात रुतलेले होते. 1773 मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या तोफांच्या बळावर तंजावर घेतले आणि राजांना त्यांच्याच वाड्यात कैद केले. 1776 मध्ये कंपनीनेच राज्य परत दिले, पण पाठीमागे आपली पलटण आणि तिचा खर्च ठेवला. दोन वर्षांनी श्वार्ट्झ तंजावरला कायमचा राहायला आला. शिवगंगा तळ्याजवळ, लहान किल्ल्यात, त्याचे चर्च उभे राहिले ते याच सुमारास.

हैदरकडे तो लढाई पेटण्याआधी एकदा जाऊन आला होता. 1779 मध्ये मद्रासच्या गव्हर्नरला हैदरचा कानोसा घ्यायचा होता. हैदरने निरोप धाडला की तो पादरी पाठवा, तो मला फसवणार नाही. श्वार्ट्झ श्रीरंगपट्टणला गेला, हैदरशी मोकळेपणी बोलला, आणि शांततेची भाषा करून परतला. त्याच वर्षी कंपनीने माहे घेतले होते, हैदरच्या मुलखातून न विचारता फौज नेण्याचे उद्योगही चालले होते. म्हणजे ज्यांच्या वतीने तो शब्द देत होता, ते तो पाळणार नव्हते. वाटखर्चासाठी हैदरने दिलेले 300 रुपये त्याने मद्रासला सरकारजमा केले. ते परत घ्यायचा आग्रह झाला तेव्हा ते तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी लावले. आपला वापर झाला हे त्याला कळले नसेल असे मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी हैदरची फौज कर्नाटक जाळत आली, तेव्हा या वृद्ध पादऱ्याला कोणी अडवू नये, मानाने जाऊ द्यावे, असा हुकूम हैदरने आपल्या अंमलदारांना दिला होता. जळत्या मुलखातून तो फिरू शकला तो या हुकमामुळे.

तंजावरच्या मराठी माणसांत श्वार्ट्झची गोष्ट सांगायची तर एका स्त्रीला वगळून चालणार नाही. परंपरा तिचे नाव कोकिळा सांगते. मराठी ब्राह्मण घरातली, नवरा तंजावरच्या राजाच्या चाकरीत. तो वारल्यावर ती सती जायला निघाली असता, किंवा तिला नेले जात असता, लिटल्टन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिला चितेपासून वाचवले, अशी कथा तिरुनेलवेलीकडे आजही सांगतात. चितेपाशी नेमके काय घडले याला कागदाचा आधार नाही, परंपरेचा आहे. पुढचे मात्र मिशनच्या नोंदींत आहे. ती लिटल्टनबरोबर राहिली, त्याच्याकडून इंग्रजी आणि ख्रिस्ती धर्म शिकली, पाळयंकोट्टैला गेली आणि तिने बाप्तिस्मा मागितला. श्वार्ट्झने नकार दिला. लग्नावाचून एका पुरुषाबरोबर राहणाऱ्या स्त्रीला तो बाप्तिस्मा देईना.

इथे श्वार्ट्झचा मला राग येतो, आणि तो लपवावा असे वाटत नाही. चितेवरून उतरलेली बाई, सोवळ्याच्या घराला मुकलेली, जातीने मेलेली; तिला ज्याने घर दिले त्याच्यामुळेच देवाचे दार बंद! लिटल्टन वारल्यावर, 1778 मध्ये, श्वार्ट्झने तिला बाप्तिस्मा दिला आणि तिचे नाव क्लोरिंदा झाले. तमिळ ख्रिस्ती जग तिला क्लारिंदा म्हणून ओळखते. तिने रुसून पाठ फिरवली असती तरी कोणी बोल लावला नसता. पण 1780 मध्ये पाळयंकोट्टैच्या ख्रिस्ती मंडळीची पहिली नोंदवही झाली तेव्हा तिच्यातल्या 40 नावांत पहिले नाव तिचे होते. त्या चाळिसांत निरनिराळ्या जातींची माणसे होती. दोनदा विधवा झालेली ही बाई त्यांना एकत्र ठेवत होती, शाळा चालवत होती, तंजावरहून उपदेशक मागवत होती. 1785 मध्ये तिने बांधलेल्या चर्चचे समर्पण श्वार्ट्झच्याच हातून झाले. लोकांनी त्याला पाप्पात्ती अम्माळ कोविल म्हटले, म्हणजे बामणीण बाईंचे देऊळ. अ. माधवय्यांनी 1915 मध्ये तिच्यावर इंग्रजीत कादंबरी लिहिली. मराठीत तिच्याविषयी काही शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. आपल्याकडच्या पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक यांच्या शंभर वर्षे आधीची ही मराठी ख्रिस्ती बाई, पण तंजावरचे जे आपल्या नजरेआड झाले त्यात तीही गेली.

तुळजाजींची अखेरची वर्षे फार वाईट गेली. मुलगा गेला, मुलगी गेली, नातू गेला. राजे वाड्याबाहेर पडेनासे झाले, खोकला आणि अशक्तपणा जडला, कारभार भ्रष्ट कारभाऱ्यांच्या हाती गेला. जुलमाला कंटाळून हजारो कुळे जमिनी टाकून परमुलखात निघून गेली. पेरणीची वेळ टळत होती. पुन्हा श्वार्ट्झनेच निरोप पाठवला आणि 7,000 माणसे परत शेतांवर आली, असे तो लिहितो. तुम्ही आमच्यावर दया केली, आता रात्रंदिवस राबू, असे म्हणत ती कामाला लागली.

1787 च्या जानेवारीत तुळजाजींनी भोसले कुळातला एक दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच सरफोजी. दत्तविधानानंतर राजांनी श्वार्ट्झला बोलावून घेतले आणि मुलगा त्याच्या पुढ्यात उभा केला. हा माझा नव्हे, तुमचा मुलगा, मी तो तुमच्या हाती देतो, असे ते म्हणाले. सोयरेधायरे, पंडित, सरदार भोवती असताना मरणोन्मुख मराठा राजा आपला वारस एका ल्यूथरपंथी जर्मन पाळकाच्या ओटीत घालतो! मुलाला ख्रिस्ती करावे असे राजांच्या मनात कधीही नव्हते, हे श्वार्ट्झलाही माहीत होते. तरीही राजांनी त्यालाच निवडले. या माणसाचा मुलाच्या राज्यात कसलाच स्वार्थ नाही, एवढे राजांनी हेरले होते.

श्वार्ट्झने नकार दिला. कधीमधी भेट देण्यापलीकडे मी मुलासाठी काही करू शकणार नाही, बाहेरून लक्ष ठेवू शकेन पण वाड्यातल्या कारस्थानांपासून त्याला वाचवू शकणार नाही, असे त्याने सांगितले. आपला भाऊ अमरसिंह याला पालक नेमा, असा सल्ला दिला. राजे नाखुशीनेच कबूल झाले आणि थोड्याच दिवसांत वारले.

त्याच्या चरित्रकारांना या नकारात विनय दिसतो. विनय होताच. पण किंमत मोजली ती मुलाने. अमरसिंहांनी दत्तकालाच हरकत घेतली. मद्रासचा गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल तंजावरला आला, त्याने बारा पंडितांना विचारले. मुलगा आपल्या बापाचा एकुलता एक, वयाने मोठा, म्हणून दत्तक अशास्त्र, असा निर्णय पंडितांनी दिला आणि अमरसिंह गादीवर बसले. श्वार्ट्झ त्या चौकशीत हजर होता. शास्त्राचे आपल्याला ज्ञान नाही म्हणून तो गप्प राहिला. पंडितांना पैसे चारले गेले होते हे त्याला पुढे कळले. सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या वाड्यात जवळजवळ कोंडल्या गेल्या. मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवले, शिक्षण बंद, बाहेर पाऊल टाकायची बंदी. ज्याच्यासाठी एका मरणाऱ्याने वचन मागितले होते, तो मुलगा श्वार्ट्झच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असा पिचत होता.

यानंतरचा श्वार्ट्झ मला आधीच्यापेक्षा मोठा वाटतो. राजकारणात पडणार नाही म्हणणारा हा साठीतला म्हातारा आता मद्रासला अर्जांवर अर्ज पाठवू लागला. मुलाच्या रक्षणासाठी कंपनीचे शिपाई मागितले, शिक्षक नेमायला लावला, आणि 1793 च्या जानेवारीत सरफोजीला व राण्यांना घेऊन स्वतः मद्रासला गेला. तिथे त्याचा सहकारी गेरिके याने मुलाला शिकवले. दत्तकाचा प्रश्न त्याने पुन्हा उकरून काढला, बंगाल आणि काशीच्या पंडितांची मते मागवली गेली, ती सरफोजीच्या बाजूने पडली. 1787 मध्ये राजांच्या बिछान्यापाशी जे नाकारले, ते फेडायला पुढची दहा वर्षे गेली. कंपनीलाही अमरसिंह नकोसे झाले होते, हेही इथे लक्षात ठेवले पाहिजे. न्याय आणि कंपनीची सोय एका वाटेने निघाली म्हणून तो न्याय झाला. 1798 च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर आले, आणि 1799 च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने तंजावरचा सगळा मुलूख कंपनीच्या कारभारात गेला. राजांकडे किल्ला, पदवी आणि तनखा उरला. पादऱ्याने मुलाला गादी मिळवून दिली, पण लवकरच त्या गादीखालचे राज्य निघून गेले. तो तह पाहायला श्वार्ट्झ राहिला नाही.

1797 च्या शरद ऋतूत त्याचा पाय दुखू लागला. सूज आली, काळे डाग दिसले, सडण्याची लक्षणे. वय एकाहत्तर. नोव्हेंबरात सरफोजी त्याला भेटायला आले, अजून राजे व्हायचे होते. श्वार्ट्झने त्यांना बसवून घेतले आणि सांगितले: ऐषारामात पडू नका, न्याय करा, रयतेचे ऐका, माझ्यामागे ख्रिस्ती लोकांचा छळ होऊ देऊ नका. आणि मग, ज्याला आयुष्यभर धर्म पटवत आला पण ज्याच्यावर कधी सक्ती केली नाही, त्या मुलाला त्याने पुन्हा एकदा आपल्या देवाकडे वळण्याची विनंती केली. सरफोजींनी ऐकून घेतले. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. मरताना तरी शिष्याला जिंकावे ही आशा त्याने सोडली नव्हती, आणि ती फळली नाही म्हणून त्याचे प्रेम उणे झाले नाही.

फेब्रुवारी 1798 मध्ये गेरिके मद्रासहून आलेला होता. येनिके आणि कोल्हॉफ हे सहकारी जवळ होते. दुखणे असह्य झाले की तो स्तोत्रे म्हणायला लावी आणि स्वतः सूर मिसळी. पुढे अशी आख्यायिका पसरली की तो गेला असे समजून गेरिकेने त्याचे आवडते जर्मन स्तोत्र म्हणायला सुरुवात केली, तर ‘प्रेता’नेच साथ धरली. आख्यायिका गोड आहे, आणि वर म्हटले तसे मी या जातीच्या गोष्टींकडे जरा सावधपणेच पाहतो. पण अठ्ठेचाळीस वर्षे तमिळ मुलांना गाणी शिकवणारा माणूस मरताना गात होता, एवढे मानायला हरकत नाही. 13 फेब्रुवारीला दुपारी चारच्या सुमारास त्याला उठवून बसवले असताना त्याचा प्राण गेला. त्याला धरून बसले होते ते त्याचे तमिळ सहकारी.

दफन दुसऱ्या दिवशी झाले. सरफोजींना मुख पाहायचे होते म्हणून थांबले. ते आले, रडले, प्रेतावर जरीचे वस्त्र घातले आणि थडग्यापर्यंत चालत गेले. अंत्ययात्रेत स्तोत्र म्हणायचे ठरले होते. गोरगरिबांचा आकांत इतका होता की ते म्हणताच आले नाही. शहराबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या चर्चमध्ये त्याला पुरले, आणि थडग्याच्या दगडावर सरफोजींनी स्वतः इंग्रजीत रचलेले छोटे पद्य कोरले. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहिलेल्या अगदी आरंभीच्या पद्यांत त्याची गणना होते. वृत्त अवघडलेले आहे. आईबापाविना वाढलेल्या, विशीतल्या तरुणाने परक्या भाषेत केलेला तो विलाप, त्यामुळे वृत्ताकडे कोण पाहतो.

1801 मध्ये सरफोजींनी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला पत्र लिहिले. संगमरवरी स्मारक करून पाठवा, ते चर्चमध्ये प्रवचनपीठाजवळच्या खांबावर बसवायचे आहे, असे त्यांनी कळवले. काम जॉन फ्लॅक्समनकडे गेले, त्या काळचा इंग्लंडातला नामांकित शिल्पकार. किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते आज पाहायला मिळते. पलंगावर श्वार्ट्झ आहे, त्याचा हात हातात घेतलेले सरफोजी, उशाशी गेरिके, मागे राजाचे मानकरी, पायाशी शाळेतली मुले. शिल्प सुंदर आहे, पण हे असे घडले नव्हते. राजे भेटले ते नोव्हेंबरात आणि मग दफनाच्या दिवशी. फ्लॅक्समनने दोन भेटींची एक केली, आणि ज्यांच्या हातांत तो प्रत्यक्ष मेला त्या तमिळ माणसांना संगमरवरात जागा मिळाली नाही. बैल जमवायला हैदरच्या स्वारांमधून गावोगाव गेले होते तेही असेच उपदेशक. त्यांच्यातल्या सत्यनाथन यांना तर 1790 मध्ये तंजावरलाच पाळकपदाची दीक्षा मिळाली होती, आणि कोकिळेच्या पाळयंकोट्टैची मंडळी त्यांनीच सांभाळली.

सरफोजींनी ख्रिस्ती नोकरांना रविवारी कामाची सूट दिली, कण्णंतंगुडीच्या धर्मशाळेत पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय लावली. किल्ल्यातल्या चर्चच्या शेजारीच बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरण्याचे कामही याच वर्षांतले, 1803 मधले. 1806 मध्ये क्लॉडियस ब्यूकॅनन नावाचा स्कॉटिश पाळक दरबारी आला तेव्हा पूर्वजांच्या तसबिरी लावलेल्या दालनात राजांनी त्याला श्वार्ट्झची तसबीर दाखवली. पुढे 1820 मध्ये ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. त्यांना या दोन गोष्टींत विसंगती वाटली नाही, आणि आपण ती शोधत बसावे असेही नाही.

लंडनला पाठवलेल्या त्याच पत्रात राजांनी आणखी एक मागणे केले होते: असेच, कैलासवासी श्वार्ट्झसाहेबांसारखे पादरी आमच्याकडे पाठवा. संस्थेकडे तसा माणूस नव्हता. येनिके 1800 मध्ये वारला, गेरिके 1803 मध्ये. उरला योहान कास्पर कोल्हॉफ, सहकाऱ्याचा मुलगा, तरंगंबाडीला जन्मलेला, ज्याला श्वार्ट्झने पोटच्या मुलासारखे वाढवले. तुळजाजींनी सरफोजीला श्वार्ट्झच्या स्वाधीन केले त्या 1787 च्या जानेवारीतच कोल्हॉफला दीक्षा मिळाली होती. एकाच म्हाताऱ्याच्या सावलीत वाढलेले हे दोघे नंतर एकाच गावात राहिले, एक किल्ल्यात, एक ख्रिस्ती वस्तीत. सरफोजी 1832 मध्ये गेले. कोल्हॉफ 1844 पर्यंत तंजावरलाच काम करत होता.